उत्तर बरोबर. रीत?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मेळाव्याच्या समितीने मला फोन करून सांगितलं, "तू संगणकावर डीएनएचं काहीतरी करतेस म्हणे. तेच सांग. फक्त तुझ्यानंतर जेवण आहे, एवढं लक्षात ठेव." तेव्हा मी लक्षात ठेवते, तुम्हीही घड्याळाकडे बघू नका.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, आपल्या पेशीत दोन मीटर लांबीचा धागा कसा मावतो, आणि तो संगणकावर कसा अभ्यासतात. दुसरी म्हणजे एक तक्रार. ती मी तीस वर्षं मनात ठेवली होती आणि आज सगळ्यांसमोर मागे घेणार आहे. ती पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या गणिताच्या बाईंविषयी आहे. बाई, काळजी करू नका, शेवट चांगला आहे.

आधी तक्रार सांगते. दहावीची सराव परीक्षा, बीजगणिताचा पेपर. शाब्दिक उदाहरण होतं: दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १५६ आहे, तर त्या संख्या शोधा. मी वाचलं आणि लगेच दिसलं, बारा तेरे छप्पन्नाशे! १२ आणि १३. मी लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढे गेले. पेपर हातात आला तेव्हा चारपैकी शून्य. शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, "उत्तर बरोबर. रीत?"

मी बाईंकडे गेले, चांगलीच रागावलेली. "बाई, उत्तर बरोबर आहे ना? मग शून्य कसं?" बाईंनी पेपर घेतला नाही. त्या म्हणाल्या, "गुणाकार २४,१८० असता तर?" मी गप्प. "आता रीत लागेल की नाही?" मी जागेवर येऊन बसले. शेजारणीला सांगितलं, बाईंचा माझ्यावर डोळा आहे. घरीही तेच सांगितलं. त्या चार गुणांनी माझा वर्गातला दुसरा नंबर गेला होता. तो कोणाकडे गेला ते इथे सांगत नाही. तो आज जेवणाचा हिशेब बघतोय.

आता कामाचं.

तुम्हाला आठवत असेल, आमच्या घरी चार माग होते. इचलकरंजीत हे वेगळं सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तोच खडखडाट होता. आजी कांड्या भरायची. शाळेतून आलं की मीही बसायचे. सूत गुंतलं की मी ओढायचे आणि आजी हातावर चापट मारायची. तेव्हा मला वाटायचं, सुतापासून सुटका करून घ्यायची तर इंजिनिअर व्हावं. झाले. संगणकाची पदवी घेतली, पुण्यात नोकरी धरली, बरीच वर्षं बँकांची आणि विम्याची सॉफ्टवेअर लिहिली. मग शास्त्रज्ञांसाठी गणनेची सॉफ्टवेअर करणाऱ्या एका गटात बदली झाली, आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर काय आलं? गुंतलेला धागा.

आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनए असतो. ४६ गुणसूत्रं, म्हणजे ४६ वेगवेगळे धागे. सगळे टोकाला टोक जोडले तर लांबी होते साधारण दोन मीटर. ज्या केंद्रकात ते राहतात त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. हे आकडे ऐकून डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून सगळं एक लाख पट मोठं करू. डीएनएची जाडी आता ०.२ मिलिमीटर झाली, म्हणजे शिवायच्या दोऱ्याएवढी. केंद्रक झालं एक मीटर रुंदीचा गोळा, आणि त्यात भरलेला दोरा २०० किलोमीटर लांब. इथून निघून जवळजवळ पुणं गाठेल इतका.

तुम्ही म्हणाल, मावतो कसा? गंमत अशी की मावण्याची अडचण नाहीच. हा सगळा दोरा वितळवून भांड्यात ओतला तर सहा-सात लिटर भरेल, आणि आपला गोळा पाचशे लिटरचा आहे. आजीला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं की अडचण जागेची नसते, गुंत्याची असते. पेशीला या २०० किलोमीटरांतला नेमका एक तुकडा वाचायचा असतो, आणि तोही आत्ता. शिवाय पेशीचे दोन भाग होताना सगळ्या दोऱ्याच्या दोन प्रती करून त्या न तुटता वेगळ्या करायच्या असतात.

पेशी पहिली युक्ती करते ती आपल्या ओळखीची आहे. ती धागा रिळांवर गुंडाळते. हिस्टोन नावाच्या प्रथिनांची रिळं असतात. एका रिळावर १४७ अक्षरांचा डीएनए, जेमतेम पावणेदोन वेढे, मग थोडी मोकळी जागा आणि पुढचं रीळ. अशी एका पेशीत सुमारे तीन कोटी रिळं. अक्षरं म्हणजे डीएनएची ती चार अक्षरं, ए, टी, जी, सी. जीवशास्त्राच्या तासाला पाठ केली होती तीच. एका पेशीत त्यांची संख्या साधारण ६४० कोटी आहे.

पण रिळांवरून नुसती गुंडाळी कळते, घडी कळत नाही. घडी का महत्त्वाची, ते एका बोटावरून सांगते.

काही कुटुंबांत अंगठ्याजवळ एक जादा बोट असलेली मुलं पिढ्यान्‌पिढ्या जन्मतात. आपल्याकडे त्याला नशीबवान म्हणतात. शास्त्रज्ञांनी शोधलं तेव्हा काही कुटुंबांत कारण सापडलं ते असं. हाताची बोटं घडवणारं एक जनुक आहे. त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. होय, व्हिडिओ गेममधल्या त्या साळिंदरासारख्या प्राण्यावरूनच ठेवलंय, शास्त्रज्ञही आपल्यासारखेच असतात. या कुटुंबांत त्या जनुकात काहीच चूक नव्हती. चूक होती त्याच्या स्विचमध्ये, आणि तो स्विच जनुकापासून दहा लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला. आपल्या मोठ्या केलेल्या दोऱ्यावर हे अंतर ३४ मीटर भरतं. दिवा व्यासपीठावर आणि त्याचं बटण शाळेच्या फाटकापाशी, असंच म्हणा. उंदरांत तो स्विचचा तुकडा काढून टाकला तर पायांचा खालचा भाग नीट बनतच नाही. मग ३४ मीटरवरचं बटण दिव्याला कसं लागतं? धाग्याची घडी पडते आणि दूरची दोन टोकं शेजारी येतात. म्हणजे अक्षरं तर महत्त्वाची आहेतच, पण धागा कुठे दुमडला यावरही बोटं अवलंबून असतात.

आता ही घडी बघायची कशी? साध्या सूक्ष्मदर्शकातून हे दिसत नाही. योब डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक पद्धत काढली, आणि २००९ मध्ये एरेझ लिबरमन-एडन, डेकर, लिओनिद मिर्नी, एरिक लँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संपूर्ण डीएनएसाठी वापरून दाखवली. तिला हाय-सी म्हणतात. आपल्या प्रयोगशाळेतल्या बरणीतला बेडूक आठवतो? तो ज्या फॉर्मलिनमध्ये होता त्याच जातीच्या रसायनाने पेशी आहे त्या स्थितीत गोठवायच्या. मग धाग्याचे बारीक तुकडे करायचे आणि जे तुकडे शेजारी-शेजारी होते त्यांची टोकं एकमेकांना चिकटवायची. नंतर प्रत्येक जोडतुकडा वाचायचा. एका टोकाला गुणसूत्राचं हे पान, दुसऱ्या टोकाला ते पान, म्हणजे ही दोन पानं एकमेकांजवळ होती. अशा कोट्यवधी जोड्या मोजल्या की एक चौकोनी नकाशा तयार होतो. कोण कोणाजवळ किती वेळा होतं, एवढंच त्यात असतं. २०१४ पर्यंत हे नकाशे इतके बारीक झाले की माणसाच्या पेशीत सुमारे दहा हजार ठिकाणी धाग्याचे पक्के लूप मोजता आले.

मात्र या नकाशात एक फसगत आहे. तो एका पेशीचा नसतो, लाखो पेशींची सरासरी असते. आपल्या तुकडीची सरासरी ६२ टक्के होती म्हणून कोणाला ६२ पडले होते का? तसंच. नकाशा बघून एका पेशीतला धागा कसा असेल ते थेट सांगता येत नाही. म्हणून संगणक लागतो, आणि तिथे माझं काम सुरू होतं.

संगणकात आम्ही धाग्याऐवजी मण्यांची माळ घेतो. एक मणी म्हणजे काही हजार अक्षरं. शेजारच्या दोन मण्यांमध्ये स्प्रिंग. दोन मणी एकाच जागी येऊ लागले तर ते एकमेकांना ढकलतात. भोवतालच्या पाण्याचे कण सतत धक्के देतात, तेवढे धक्के आम्ही यादृच्छिक संख्यांनी देतो. पुढे काय होईल ते न्यूटनचा नियम सांगतो. बल काढा, मणी थोडा सरकवा, परत बल काढा. असं कोट्यवधी वेळा. सगळं भौतिकशास्त्र अकरावीचं आहे, फक्त वही मोठी लागते. मुलांच्या गेमसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डं इथे फार कामाला येतात. पाऊल जरा मोठं टाकलं की दोन धागे एकमेकांतून आरपार जातात आणि गाठ आपोआप सुटते. चित्र सुंदर दिसतं, पण खोटं. पेशीत धागा धाग्यातून जायचा असेल तर तो कापून परत जोडावा लागतो. त्यासाठी पेशीकडे टोपोआयसोमरेज नावाचं खास विकर आहे. आजीकडे दात होते.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे एका गुणसूत्राच्या भागाचा हाय-सी नकाशा आला. काम असं होतं की तोच नकाशा देईल अशी माळ संगणकात बनवायची. मी दोन हजार मणी घेतले. प्रत्येक जोडीला एक आकर्षण दिलं, म्हणजे एक बटण, कमी-जास्त करायला. दोन हजार मण्यांच्या जोड्या होतात सुमारे वीस लाख. संगणक बटणं फिरवत राहिला, आमचा नकाशा त्यांच्या नकाशाशी ताडून बघत राहिला, परत फिरवत राहिला. तीन आठवड्यांनी जुळलं. इतकं जुळलं की दोन चित्रं शेजारी ठेवली तर कोणतं पेशीचं आणि कोणतं माझं ते मलाही सांगता येत नव्हतं. मी सादरीकरण केलं. टाळ्या पडल्या. मी घरी पेढे नेले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका तरुण जीवशास्त्रज्ञ मुलीने विचारलं, "ताई, समजा इथली एक खुंटी काढून टाकली, तर नकाशा कसा दिसेल?"

खुंटी म्हणजे काय ते पुढे सांगते. तेव्हा एवढंच कळलं की मला उत्तर देता येत नव्हतं. माझ्या माळेत वीस लाख बटणं होती, पण खुंटी नव्हती. ती काढायची म्हणजे कोणतं बटण फिरवायचं तेच मला माहीत नव्हतं. त्या रात्री मला शंका आली म्हणून मी एक उद्योग केला. पेशीच्या नकाशाऐवजी संगणकाला एका ठिपक्यांच्या रांगोळीचं चित्र दिलं, हा नकाशा जुळव म्हणून. त्याने रांगोळीसुद्धा बऱ्यापैकी जुळवली! म्हणजे मी पेशीविषयी काहीच शोधलं नव्हतं. मी पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून गणित सोडवलं होतं, आणि मग परत मागचं पान उघडून उत्तर बरोबर आलं म्हणून खूश झाले होते.

रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला तो लाल शाईतला प्रश्न आठवला. उत्तर बरोबर. रीत? बाई, तुमच्याविषयीची तक्रार त्या रात्री संपली.

मग रीत काय आहे? ती माझी नाही, पण सांगण्यासारखी आहे.

पेशीत कोहेसिन नावाचं प्रथिन असतं, कडीसारखं. कल्पना अशी की ही कडी धाग्यावर कुठेही बसते आणि दोन्ही बाजूंनी धागा आपल्यातून ओढून घेऊ लागते. परकरात नाडी ओवताना मध्येच नाडीचा लूप बाहेर ओढावा आणि तो वाढत जावा, तसं. किम नॅस्मिथ यांनी २००१ मध्ये साधारण अशी सूचना केली होती, तेव्हा ती अनेकांना फार ताणलेली वाटली. धाग्यावर ठरावीक जागी सीटीसीएफ नावाचं दुसरं प्रथिन बसलेलं असतं. हीच ती खुंटी. या खुंटीला तोंड आणि पाठ असते. कडी तोंडाकडून आली तर अडते, पाठीकडून आली तर बरेचदा निघून जाते. म्हणून एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन खुंट्यांच्या मध्येच पक्के लूप सापडतात. २०१४ च्या नकाशात नेमकं हेच दिसलं होतं, आणि तोवर ते का, हे कोणाला सांगता येत नव्हतं.

२०१५ आणि २०१६ मध्ये लिबरमन-एडन आणि मिर्नी यांच्या गटांनी ही रीत संगणकावर चालवली. त्यात वीस लाख बटणं नव्हती. कड्या किती, त्या किती वेगाने ओढतात, किती वेळ टिकतात, खुंटी किती वेळा अडवते, अशा मोजक्या संख्या होत्या. लिबरमन-एडन यांच्या गटाने पुढे जाऊन खऱ्या पेशीतल्या खुंट्या काढल्या, उलट्या केल्या, आणि नकाशा कसा बदलेल ते संगणकाकडून विचारलं. बदललेल्या पेशींचे नकाशे तसेच निघाले. बाईंच्या भाषेत सांगायचं तर २४,१८० चं उदाहरण सुटलं.

पुढे आणखी परीक्षा झाल्या. २०१७ मध्ये माणसाच्या पेशीतून कोहेसिन काढून टाकलं. त्यासाठी वापरलं ऑक्सिन. हो, रोप उजेडाकडे वळतं ते ज्यामुळे, तेच आपल्या पुस्तकातलं ऑक्सिन. कोहेसिनला अशी खूण जोडली की ऑक्सिन टाकलं की पेशी ते मोडून टाकते. सगळे पक्के लूप गेले. ऑक्सिन धुऊन काढलं, तर लाखो अक्षरांचे कितीतरी लूप तासाभराच्या आत परत आले. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत कोहेसिनचं भावंड असलेलं काँडेन्सिन एकाच डीएनएच्या धाग्यावर सोडलं आणि लूप मोठा होताना प्रत्यक्ष पाहिला, सेकंदाला दीड हजार अक्षरांपर्यंत. पुढच्या वर्षी कोहेसिनही तसं करताना दिसलं. ज्या कडीची आधी फक्त कल्पना आणि संगणकावरची माळ होती, ती आता डोळ्यांनी दिसत होती.

सगळं सुटलं असं समजू नका. कोहेसिन काढल्यावर बहुतेक जनुकं लगेच बिघडतील असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. थोडीच बिघडली. आणि २०२२ मध्ये उंदराच्या मूळपेशीत एका लूपवर सतत नजर ठेवली, तेव्हा तो पूर्ण बंद असलेला सापडला फक्त ३ ते ६ टक्के वेळ, एका वेळी १० ते ३० मिनिटं. नकाशात जो पक्का दिसतो, तो प्रत्यक्षात सारखा बनतो आणि मोडतो. सरासरीची फसगत म्हणाले होते ती हीच.

आता कोणी विचारेल, एवढी रीत-रीत कशाला? नकाशा जुळला तर बिघडलं कुठे? तर बिघडतं ते असं.

२०१५ मध्ये बर्लिनमध्ये स्टेफान मुंडलोस यांच्या गटाने काही कुटुंबं अभ्यासली. हाताची बोटं आखूड, कुठे जोडलेली, कुठे जादा. त्यांच्या डीएनएत मोठे फेरफार होते, पण बोटांशी संबंध असलेली जनुकं शाबूत होती. बिघडली होती ती दोन मोहल्ल्यांमधली भिंत, जिथे खुंट्या असतात. भिंत गेल्यावर एका जनुकाचे स्विच शेजारच्या मोहल्ल्यातल्या दुसऱ्याच जनुकाला जाऊन लागले. गटाने तसेच फेरफार उंदरांत करून दाखवले आणि उंदरांचेही पाय तसेच बिघडले.

विचार करा, दवाखान्यात एक बाळ आलंय. तपासणीत कळलं, डीएनएतला एक तुकडा नाही. त्या तुकड्यात जनुक एकही नाही. आई विचारते, "यामुळेच झालंय का? पुढच्या बाळाला होईल का?" त्या बाळाच्या पेशीचा नकाशा कोणी काढलेला नसतो. त्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही. माझ्या पहिल्या माळेने त्या आईला काय सांगितलं असतं? काहीच नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, सुंदर रंगीत चित्र दाखवून काहीतरी सांगितलं असतं. असं सॉफ्टवेअर डॉक्टरांच्या हातात जायला निघालं होतं, आणि त्यावर माझं नाव होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते चार गुण कशाचे होते.

आम्ही काम पहिल्यापासून केलं. वीस लाख बटणं फेकून दिली. कड्या आणि खुंट्या ठेवल्या. नकाशा पहिल्याइतका जुळला नाही. वरिष्ठ म्हणाले, आधीचं चित्र जास्त छान होतं. होतंच. पण या वेळी खुंटी काढलेल्या पेशींचे प्रसिद्ध झालेले काही नकाशे आम्ही शेवटपर्यंत उघडलेच नव्हते. त्या तरुण मुलीने ते स्वतःकडे कुलूप लावून ठेवले होते, बाई प्रश्नपत्रिका ठेवायच्या तसे. आमचं भाकीत आधी लिहून दिलं, मग कुलूप काढलं. बरेचसे जुळले. एका ठिकाणी सपशेल चुकलं, आणि ते का, हे अजून आम्हाला सापडलेलं नाही. खरं सांगते, त्या जुळलेल्या सगळ्यांपेक्षा त्या एका चुकलेल्यावर आमचा जास्त वेळ जातो.

आमच्या गटात आता एक नियम आहे. कोणी सुंदर चित्र घेऊन आलं की आधी एकच विचारायचं: यातलं काय तुम्ही आधी बघितलं होतं, आणि काय बघितलं नव्हतं? नवीन लागलेल्या मुलांना मी १५६ चं उदाहरण घालते. सगळे लगेच सांगतात, बारा आणि तेरा. मग मी २४,१८० म्हणते आणि खोली गप्प होते. त्यात आयआयटीतून आलेलीही असतात. मला फार बरं वाटतं.

आपल्यातल्या अनेकांची मुलं आता शिकतायत. कोणी विचारलं की या विषयात जायला काय लागतं, तर मी सांगते, थोडं भौतिकशास्त्र, थोडं गणित, थोडा प्रोग्रामिंगचा हात, आणि जीवशास्त्राची भीती नको. आपल्याकडे हे काम होतं. आयआयटी मुंबईत होतं, चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत झालंय. त्यासाठी परदेशीच जायला पाहिजे असं नाही. मी या विषयाला अडतिसाव्या वर्षी हात लावला आणि पहिलं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं ते माझ्या भाचीचं, बारावीचं.

शेवटी बाईंना दोन शब्द. बाई, तुम्हाला तो पेपर आठवत असण्याचं कारण नाही, तुम्ही असे हजारो तपासले असतील. मला आठवतो. त्या दिवशी तुम्ही चार गुण दिले असते तर वर्गात माझा दुसरा नंबर आला असता, आणि मी तो विसरूनही गेले असते. आज मेळाव्याच्या आधी मी ते उदाहरण एका कागदावर परत सोडवलंय. समजा पहिली संख्या क्ष, मग दुसरी क्ष अधिक एक, समीकरण, अवयव, ऋण किंमत का सोडली त्याचं कारण, सगळं. खाली उत्तर लिहिलंय आणि दोन रेघा ओढल्यात.

बाई, कागद तुमच्याजवळ देते. सवडीने तपासा.